साकडं कुठे घालायचं?

बहिणीला ऑपरेशनसाठी आत नेलं, त्या दिवशी तिची सात वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. सकाळी माझी आई, म्हणजे तिची आजी, देवापुढे निरांजन लावून हात जोडून उभी होती. मागे भाची. आजी तिला म्हणाली, "तूही घाल गं बाप्पाला साकडं. तुझं लवकर ऐकेल तो." भाचीने हात जोडले, डोळे मिटले, मग एकच डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. जरा वेळाने ती स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, साकडं कुठे घालायचं असतं? डोक्यात की अंगात?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जगात स्वेटर घालतात, टोपी घालतात, आमटीत मीठ घालतात, मांजरीला दूधभात घालतात. मोठी माणसं भांडणात लक्ष घालतात आणि बाबा कधीकधी गोंधळ घालतो. या एका क्रियापदावर आपण इतकी ओझी लादली आहेत, की त्यात आणखी एक साकडं कुठे बसवायचं हे मुलाला कळू नये यात नवल नाही. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. मलाही उत्तर येत नव्हतं. साकडं घालतात हे मला ठाऊक होतं. साकडं म्हणजे काय, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. तिला म्हटलं, "रात्री सांगते." झोप तशीही लागणार नव्हती. कोश काढून बसले.

साकडं आणि संकट हा एकच शब्द आहे. संस्कृतातलं 'संकट' प्राकृतात 'संकड' झालं आणि मराठीत 'सांकडें' म्हणून उतरलं. जुन्या पुस्तकांत तो अनुस्वार दिसतो, 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर तो गेला आणि 'साकडे' उरलं. म्हणजे तत्सम संकट आणि तद्भव साकडं अशी दोन भावंडं आपल्या घरात एकत्र नांदतात. एकाने सुटाबुटातलं काम पत्करलं: संकटग्रस्त, आर्थिक संकट, संकटमोचन. दुसरं देव्हाऱ्यापाशी राहिलं.

पण या दोघांचा मूळ अर्थ आपत्ती असा नाही. मूळ अर्थ आहे अरुंद. दाटीवाटीचं, चिंचोळं. संस्कृतात संकट हे आधी विशेषण होतं आणि ते वाटेला, खिंडीला, गर्दीने भरलेल्या जागेला लागायचं. गुजरातीत अजूनही 'सांकडुं' म्हणजे साधं अरुंद. सांकडी गल्ली म्हटलं की गुजराती माणसाला तिथे देव आठवत नाही, तिथून गाडी जाणार नाही एवढंच त्याला कळतं. आपल्याकडेही 'सांकडा' हे विशेषण याच अर्थाने चालायचं. पुढे अरुंद जागेत सापडलेल्या माणसाची जी अवस्था होते, तिलाच त्या जागेचं नाव पडलं.

पाणिनीने या शब्दासाठी एक सूत्रच दिलं आहे. सम्, प्र, उद् आणि वि या उपसर्गांना 'कट' हा प्रत्यय लावला की संकट, प्रकट, उत्कट आणि विकट असे चार शब्द होतात. एका आईची चार लेकरं. त्यातल्या दोघांची तोंडं दोन दिशांना: संकट म्हणजे आकसलेलं, विकट म्हणजे पसरलेलं, मोठं. घरोघरी मुलांकडून जे संकटनाशन गणपतिस्तोत्र पाठ करून घेतात, त्यात गणपतीची बारा नावं आहेत आणि सहावं नाव विकट आहे. संकट घालवायला विकटाला बोलवायचं. स्तोत्र रचणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, ते त्याचं त्याला माहीत. पण शब्द शेजारी ठेवले की ते आपसांत बोलायला लागतात.

अडचणीला अरुंदपणाचं नाव देणारे आपण एकटे नाही. 'तंग' हा फारसी शब्द, अर्थ अरुंद. त्याच्यापासून आपली तंगी आली आणि महिन्याच्या अखेरीला हात तंग झाला. इंग्रजीतलं 'अँग्विश' लॅटिनमधल्या अरुंदवाचक शब्दावरून निघालं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत 118वं स्तोत्र आहे. त्यात संकटाला वापरलेला हिब्रू शब्दही चिंचोळ्या जागेचा आहे, आणि देवाने दिलेल्या उत्तराला जोडलेला शब्द मोकळ्या, ऐसपैस जागेचा.

बायबल मराठीत आणणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी तो अनुवाद इंग्रजीवरून न करता थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केला. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्या भाषा शिकल्या. 1874च्या सुमारास दुष्काळात आईवडील गमावले, तेव्हा त्या स्वतः सोळा वर्षांच्या होत्या. पुढे 1896-97च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणि बायका केडगावला आणल्या, तेच मुक्ती मिशन. आपला अनुवाद खेड्यातल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईला कळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तिथल्याच मुली आणि बायका छापखान्यात खिळे जुळवत होत्या. 1922मध्ये रमाबाई गेल्या आणि 1924मध्ये पूर्ण बायबल छापून झालं. उपासमारीतून आलेल्या लेकरांना देवाबद्दल काही सांगायचं, तर आधी शब्द सोपे करावे लागतात, हे त्यांना स्वतःच्या भुकेवरून कळलं असावं असं मला वाटतं.

तर साकडं म्हणजे अरुंद जागा. साकडं घालायचं म्हणजे ती जागा देवापुढे मांडायची: बघ, मी इथे अडकलोय. आणखी पुढे जाऊन, देवालाच त्या अडचणीत घालायचं: आता हे तुझं. नामदेवाची गोष्ट मुलांना सांगतात ती याच जातीची. वडिलांनी नैवेद्य घेऊन धाडलेलं लहान पोर. विठोबा जेवत नाही म्हणून ते हट्टाला पेटतं आणि डोकं आपटून घेईन म्हणतं. आता अडचण पोराची राहिली नाही, विटेवरच्याची झाली. कथा सांगते की विठोबाला जेवावं लागलं. साकडं घातलं, याचा इतका चोख अर्थ मला कुठल्या कोशात मिळाला नाही.

मुलांच्या जवळचा दुसरा शब्द गाऱ्हाणं. "आजी, दादाने माझी पेन्सिल घेतली," ही दिवसातून दहादा होणारी तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. मूळ संस्कृत 'गर्हणा', अर्थ निंदा, दोष देणं. 'गर्ह्य' हा पुस्तकी शब्द त्याच घरातला. मराठीत येताना निंदेची धार बोथट झाली आणि मागे राहिली ती आपल्या माणसापाशी केलेली तक्रार. परक्यापुढे आपण गाऱ्हाणं सांगत नाही, तिथे अर्ज करतो.

कोकणात हाच शब्द प्रार्थनेचा आहे. शिमग्याला पालखी निघताना, जत्रेत, नव्या कामाचा नारळ ठेवताना गावातला मानकरी किंवा गुरव ग्रामदेवतेपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. ते संस्कृतात नसतं, पोथीत नसतं. ज्या बोलीत तो बैलाला हाक मारतो त्याच बोलीत तो देवाशी बोलतो. गावातली लेकरंबाळं, गुरंढोरं, मुंबईला गेलेले चाकरमानी, कोणाच्या घरातलं आजारपण, कोणाची कोर्टकचेरी, सगळं एकेक करून देवाच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेलं. त्या घोळक्यात उभं राहून मीही सगळा जोर लावून "व्हय म्हाराजा" ओरडायचे. कोणाचं काय दुखतंय ते मला कळत नसे. पण दुखणं असं चारचौघांत, मोठ्याने, देवाला सांगायचं असतं आणि बाकीच्यांनी त्याला होय म्हणायचं असतं, एवढं कानातून आत गेलं. पुढे मिळालेलं धर्माचं बहुतेक शिक्षण विसरले, हे राहिलं.

पुराणातल्या ध्रुवाचं बघा. तो पाच वर्षांचा होता. वडिलांच्या मांडीवरून सावत्र आईने खाली ओढलं म्हणून तो रडत आईकडे, सुनीतीकडे, आला. हे गाऱ्हाणंच. सुनीतीने त्याला "रडू नको, त्यात काय एवढं" म्हटलं नाही. नवऱ्यापुढे तिचं काही चालत नव्हतं आणि तिने ते मुलापासून लपवलंही नाही. मला जे देता येत नाही ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा, असं तिने सांगितलं. आपण मुलांना ही गोष्ट अढळपदासाठी सांगतो, ताऱ्यासाठी सांगतो. मला तिच्यातली खरी शिकवणारी बाई सुनीती वाटते. तिने मुलाचं गाऱ्हाणं खोटं ठरवलं नाही, त्याला पुढचा पत्ता दिला.

तिसरा शब्द धावा. देवाचा धावा करणे. यात धावतं कोण? आपण तर जागच्या जागी उभे असतो, बहुतेक वेळा गुडघ्यात बळ नसल्यामुळे. धावायचं आहे देवाने. 'धाव रे' ही जी हाक, तिचंच नाम झालं धावा. हाक मारण्याला ज्याला हाक मारली त्याच्या पळण्याचं नाव मिळालं. लहान मूल रस्त्यात पडलं की "आई" एवढंच ओरडतं. त्यात 'ये' नसतं, 'उचल' नसतं, तरी आई पळत सुटते. धावा हे त्या हाकेचं मोठेपणीचं रूप.

आणि धावल्यानंतर काय? पावणे. "देव पावला" आपण नोकरी लागली की म्हणतो, निकाल चांगला लागला की म्हणतो. त्यामुळे पावणे म्हणजे इच्छा पुरी करणे, असा अर्थ आपल्या मनात घट्ट बसला आहे. पण शब्द आला आहे संस्कृत 'प्राप्'वरून, आणि त्याचा पहिला अर्थ पोचणे. जुन्या मराठीत माणूस घरी पावतो, म्हणजे घरी पोचतो. वस्तू पोचल्याची खूण ती पावती. पोचपावती म्हणताना आपण तर एकच गोष्ट दोनदा सांगतो. तेव्हा देव पावला याचा जुना, सरळ अर्थ इतकाच: देव येऊन पोचला. त्याने हातात काय आणलं, याबद्दल शब्द गप्प आहे.

मुलांना देवाबद्दल शिकवताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे.

मी आठ वर्षांची होते तेव्हा आजोबा आजारी पडले. घरातल्यांनी गणपतीला नवस बोलला, एकवीस संकष्ट्यांचा आणि एकवीस मोदकांचा. मला कोणी उपास करायला सांगितलं नव्हतं, पण मीही धरला. चंद्र उगवेपर्यंत काही खायचं नाही. तिसऱ्या संकष्टीला, संध्याकाळी, कोठीच्या खोलीत मी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्ला. ओठ फ्रॉकला पुसले. आठवड्याभरात आजोबा गेले. पुढची चार-पाच वर्षं माझी पक्की खात्री होती, की ते माझ्या शेंगदाण्यांमुळे गेले. मी हे कोणालाच सांगितलं नाही. घरात सगळे मला म्हणत, शहाणी आहे, आजोबांसाठी रडली पण नाही.

नवस हा शब्दही जुना आहे. व्युत्पत्तिकार तो 'नमस्या'कडे नेतात. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसा 'म'चा 'व' होऊन नमस्कारातल्या नमस्-चा नवस झाला. म्हणजे मुळात तो नुसता नमस्कार. पण वापरता वापरता त्याच्या भोवती कसे शब्द जमले ते बघा. नवस बोलतात, नवस फेडतात, नवस राहिला तर तो अंगावर राहतो. फेडतात कर्ज, फेडतात ऋण. नमस्काराचा शब्द सावकाराच्या वहीत गेला. मोठ्या माणसाला हा व्यवहार पेलतो. देणं-घेणं त्याला ठाऊक असतं आणि सौदा फिसकटला तर तो देवावर रागावू शकतो, दुसरा देव शोधू शकतो. मूल असं करत नाही. सौदा फिसकटला की आपल्याकडूनच काही कमी पडलं असं मूल धरून चालतं. कुठेतरी शेंगदाणे खाल्लेले असतातच.

साकड्याला फेडणं नाही. गाऱ्हाण्याला हप्ते नाहीत. धाव्याला 'जर-तर' नाही. हे तीन शब्द वापरणाऱ्या माणसाला काही द्यावं लागत नाही, फक्त आपण कुठे अडकलोय ते बोलावं लागतं. म्हणून माझा साधा हिशेब असा आहे, की मुलांना नवस शिकवण्याची घाई करू नये. आधी साकडं शिकवावं. आणि देव पावणार म्हणजे काय करणार, असं त्यांनी विचारलं तर शब्दाला धरून खरं उत्तर द्यावं: येणार.

आजोबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या घरापासून शाळेला जाताना मध्ये पऱ्या लागायचा. उन्हाळ्यात त्यात पाय बुडतील इतकंही पाणी नसे, पण आषाढात तो तांबडा, फुगलेला, फांद्या वाहून नेणारा होई. त्यावर साकव होता. पोफळीची तीन खोडं शेजारी शेजारी बांधलेली, एका बाजूला धरायला आडवा बांबू, दुसऱ्या बाजूला काही नाही. आजोबा मला खांद्यावर घेऊन ओलांडायचे. आता ते नव्हते. पहिल्या दिवशी मी साकवाच्या तोंडाशी उभी राहिले आणि माझा पाय उचलेना.

माझी आजी पुढे जाऊन पलीकडून "ये" म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने तसं केलं नाही. ती माझ्या मागे उभी राहिली. म्हणाली, "पाण्याकडे बघू नको. खोडाकडे बघ. मी मागे आहे." मी पाऊल टाकलं आणि मागून तिची रामरक्षा सुरू झाली. हळू नाही, पावसाच्या आवाजावर जाईल अशी. रामरक्षेत एक भाग कवचाचा आहे. त्यात डोक्यापासून सुरुवात करून कपाळ, डोळे, कान, नाक, गळा, खांदे असं एकेका अवयवाचं नाव घेत रक्षण मागितलेलं आहे. साकवाच्या मध्यावर ती खांद्यांपर्यंत आलेली असे. पलीकडच्या चिखलात माझे पाय टेकत तेव्हा ती गुडघ्यांवर असे. पुढे मला त्यावरूनच अंतर कळायला लागलं. हृदय आलं की निम्म्याहून जास्त झालं. एकदा तिचा आवाज थांबला म्हणून मी घाबरून मागे वळले, तर ती पदराने तोंडावरचं पाणी पुसत होती. म्हणाली, "मागे काय बघतेस? आहे मी."

'साकव' शब्दाचा शोध लागला तो त्या रात्री कोश उघडला तेव्हाच. साकडं शोधताना दोन ओळी खाली साकव होता. मूळ संस्कृत 'संक्रम': पार होणं, ओलांडणं, आणि ज्यावरून ओलांडायचं ते. संक्रांतीतलं सूर्याचं पलीकडे जाणं त्याच धातूतून आलेलं. साकडं आणि साकव यांचं मूळ वेगळं, एकाचं संकट, दुसऱ्याचं संक्रम. झीज होता होता दोघे इतके सारखे दिसायला लागले, की कोशात एकाच पानावर येऊन बसले. मी त्या पानावर बराच वेळ बसून होते.

आजीचं ते मागे उभं राहणंही भाषेत नोंदलेलं आहे. पाठीराखा. आपल्याकडे देव पुढे मशाल घेऊन चालत नाही, तो पाठीशी असतो. भाऊही पाठीराखा असतो. यातलं राखणं संस्कृत 'रक्ष्'मधून आलं. शेताची राखण, कोकणातल्या गावाच्या वेशीवरचा राखणदार, बहिणीने बांधायची राखी, सगळं एकाच कुळातलं. इतकंच काय, चुलीतली राखसुद्धा. संस्कृतात रक्षा म्हणजे संरक्षण आणि रक्षा म्हणजे राखही. संरक्षणासाठी कपाळाला लावतात म्हणून राखेला ते नाव पडलं. परीक्षेला निघालेल्या नातवाच्या कपाळाला अंगाऱ्याचं बोट लावणारी आजी नकळत शब्दाच्या मुळाशी जाऊन येते.

याच कुळातला एक शब्द आता जवळजवळ गेला. पाठराखीण. मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी व्हायची त्या काळात, सासरी पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीबरोबर माहेरची एक बाई जायची. ती पाठराखीण. परक्या घरात त्या पोरीने रात्री कोणाच्या कुशीत झोपायचं, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणून हा शब्द जन्मला. ती चाल गेली हे फार चांगलं झालं. पण त्या चालीतही कोणाला तरी सुचलं होतं, की लहान मुलीला उपदेशापेक्षा सोबत लागते.

मराठीत पाठ हा शब्दही दोन आहे. ती पाठ 'पृष्ठ'वरून आली, तो पाठ 'पठ्'वरून. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, नातं काही नाही. तरी आजीची रामरक्षा मला पाठ झाली ती माझ्या पाठीमागून ऐकूनच. तिने ती मला कधी बसवून शिकवली नाही. मुलांकडून स्तोत्रं पाठ करून घेणाऱ्या आईबापांना मी एवढंच विचारीन, की तुम्ही ते म्हणताना मुलाने कधी ऐकलंय का? विशेषतः तुम्ही स्वतः घाबरलेले असताना?

आता एक शेवटची जोडी, धीर आणि धीट. हे दोन शब्द आपण मुलांसाठी अदलाबदल करून वापरतो, पण ते नात्याने कोणीच नाहीत. धीट आला 'धृष्ट'वरून. संस्कृतात धृष्ट म्हणजे उद्धट, न लाजणारा. मराठीने त्याला सुधारून घेतलं आणि कौतुकाचा केला. 'श्यामची आई' 1935 साली आलं. आश्रमातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर श्याम रोज एक आठवण सांगतो, असं साने गुरुजींनी ते रचलं आहे. त्यातली पोहण्याची आठवण वाचणारा विसरत नाही. विहिरीला भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीचे फटके मारून पोहायला धाडते आणि नंतर त्याचे वळ बघून तिचेच डोळे भरतात. तिला मुलगा धीट व्हायला हवा होता. तो धीट झाला. पण त्या आठवणीतलं जे श्यामला आयुष्यभर पुरलं, ते फटक्यांनंतरचं आहे.

धीर हा वेगळा शब्द. संस्कृतात तो दोन वाटांनी आलेला आहे. एक धीर 'धी'पासून, अर्थ शहाणा. दुसरा 'धृ'पासून, अर्थ स्थिर, धरून राहणारा. धरणं, धरण, धरणी, आधार, धर्म हे सारे त्या दुसऱ्याचे सोयरे. मराठीत धीर म्हणजे हिंमत आणि धीर म्हणजे वाट बघणंही. चंद्र उगवायची वाट बघणाऱ्या उपाशी पोराला आपण म्हणतो, जरा धीर धर. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही तेच म्हणतो. दोन्हीकडे सांगणं एकच आहे: हातातलं सोडू नको.

आणि व्याकरणाची एक गंमत. धीटपणा कोणी कोणाला देऊ शकत नाही, तो असतो किंवा नसतो. धीर मात्र देता येतो, घेता येतो, धरता येतो, सुटतो, खचतो, पुन्हा एकवटता येतो. शिवाय देणाऱ्याकडे तो आधी असलाच पाहिजे असं नाही. आजोबांना जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा आजी साकवावर माझ्या मागे चालत होती. तिच्याकडे कुठला आला धीर? पण मला द्यायचा म्हणून तिने तो कुठून तरी काढला. कुठून, ते मी तिला विचारलं असतं तर तिने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं असतं. वारकरी विठोबाला माउली म्हणतात, त्याचाही उगम मला अशा बायकांमध्येच दिसतो. देव आईसारखा आहे हे मुलाला कळायचं, तर आधी आईसारखं कोणी तरी मागे उभं असावं लागतं.

रात्री भाची जागीच होती. तिला म्हटलं, "साकडं म्हणजे अरुंद जागा. जिथे आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ती. ती अंगात घालायची नसते. बाप्पाला सांगायची असते." ती उठून बसली. "छातीत होतं तसं?" तिने विचारलं. मी होय म्हटलं. विश्वास हा शब्द 'श्वस्'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं असा आहे, हे मी तेव्हाच वाचून आले होते. तिला ते सांगितलं नाही. तिने अंधारातच हात जोडले आणि मोठ्याने बोलायला लागली. आईला का नेलं, मला का भेटू देत नाहीत, आजी चपाती आईसारखी करत नाही, बाबा फोनवर खोटं बोलतो, तो रडत होता. चांगलं पाच मिनिटं चाललं ते गाऱ्हाणं. देवाची एकही स्तुती त्यात नव्हती. संपल्यावर तिने एक लांब श्वास सोडला आणि माझ्याकडे पाठ करून झोपली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. काही वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी रामरक्षा म्हणतेय आणि हृदयापर्यंत आलेय.

बहीण नवव्या दिवशी घरी आली.

गावच्या त्या पऱ्यावर आता सिमेंटचा पूल आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत आणि त्यावरून रिक्षा जाते. गाव अजून त्याला साकवच म्हणतं.